बाबांचं अ‍ॅक्रिंग्टन

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास इथे इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना संपतो, तेव्हा हिवाळ्यात डोंबिवलीत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. बाबा एरवी नऊलाच आडवे होतात, पण शनिवारी फोनची वाट बघत जागे राहतात. मी "हॅलो" म्हणायच्या आत विचारतात, "आपल्या अ‍ॅक्रिंग्टनचं काय झालं?"

बाबा परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. गिरणगाव न पाहिलेल्यांसाठी सांगतो, त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं. त्यांच्या यंत्राच्या बिडाच्या चौकटीवर इंग्रजी अक्षरं ओतलेली होती. एकेक अक्षर लावत त्यांनी ते नाव वाचलं होतं: हॉवर्ड अँड बुलो, अ‍ॅक्रिंग्टन. 1982 च्या संपात गिरणी गेली, पण नाव डोक्यात राहिलं. नोकरीनिमित्त मी लँकेशायरला येतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तिथून अ‍ॅक्रिंग्टन किती लांब?"

अगदीच जवळ निघालं. ब्लॅकबर्न आणि बर्नली यांच्या मधलं, साधारण पस्तीस हजार वस्तीचं गाव. लाल विटांची घरं एकमेकांना खेटून टेकडीवर चढत गेलेली. रिंग पद्धतीची कताईयंत्रं बनवणारा ग्लोब वर्क्स हा कारखाना इथलाच. एके काळी या गावातले हजारो लोक तिथे कामाला होते. मी आधी तो बघायला गेलो. यंत्रं बनणं केव्हाच थांबलेलं. ज्याच्यासाठी शनिवारी गाव अजून एकत्र येतं अशी गोष्ट फुटबॉलच्या मैदानावर सापडली, ती म्हणजे अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली.

आपल्याकडे इंग्लिश फुटबॉल म्हणजे मँचेस्टर आणि लिव्हरपूल. पण प्रीमियर लीगच्या खाली आणखी तीन पायऱ्या आहेत आणि चारी मिळून 92 क्लब. स्टॅन्ली यातल्या चौथ्या पायरीवर, लीग टूमध्ये आहे. तिथे टिकून राहणं हीच या गावाची मोठी कमाई आहे, आणि ती का, हे इतिहास कळल्याशिवाय कळत नाही.

1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या बारा संस्थापक क्लबांत अ‍ॅक्रिंग्टन हे नाव आहे. तो क्लब वेगळा. 1893 मध्ये खालच्या विभागात जायची वेळ आली तेव्हा तो लीगमधूनच बाहेर पडला आणि तीन वर्षांनी बंद झाला. तोवर स्टॅन्ली स्ट्रीटवरच्या पोरांचा एक संघ उभा राहिला होता. त्याने गावाचं नाव आपल्या नावाला जोडलं आणि 1921 मध्ये तो लीगमध्ये शिरला. पीलपार्क हे त्याचं मैदान. पन्नासच्या दशकात त्याचे दिवस खरोखर चांगले होते. 1955 मध्ये तर अकराच्या अकरा खेळाडू स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, असा संघ त्याने उतरवला होता.

मग कर्ज वाढत गेलं, 60,000 पौंडांच्या घरात पोचलं. 2 मार्च 1962 ला क्रू अलेक्झांड्राने 4-0 ने हरवलं आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लबने लीगला राजीनाम्याचं पत्र धाडलं. मदतीची आशा दिसताच पत्र मागे घ्यायची धडपड झाली, पण लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर यांनी ती मान्य केली नाही. हंगामात खेळलेले 33 सामने नोंदींतून पुसून टाकले. जिंकलेले, हरलेले, सगळेच.

माझे शेजारी त्या वेळी चौदा वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ते ग्लोब वर्क्समध्ये उमेदवारीला लागले. ते सांगतात, "हरलो असतो तर रडलो असतो. पण इथे हरलोच नव्हतो. एक कागद गेला होता." हे वाक्य मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

क्लब खालच्या स्पर्धांत रखडत 1966 मध्ये पुरता बंद पडला. दोन वर्षांनी बोल्ड स्ट्रीटवरच्या कामगार क्लबात सभा भरली आणि त्याच नावाचा नवा क्लब काढायचं ठरलं. 1970 पासून तो क्राउन ग्राउंडवर खेळू लागला. तेव्हा लीगमध्ये शिरायचं तर मतदान होई आणि मतं असत आतल्यांकडे. लीगबाहेरच्या अव्वल संघाला थेट जागा देण्याचा नियम 1987 मध्ये आला. त्या नियमामुळेच अशा गावाला परतीचा रस्ता सापडला, आणि इंग्लिश फुटबॉलमधली ही सगळ्यात न्यायाची सुधारणा आहे असं माझं मत आहे.

मधल्या काळात, 1989 मध्ये, दुधाची एक जाहिरात गाजली. दूध प्यायलं नाहीस तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीकडूनच खेळावं लागेल, असं लिव्हरपूलचा इयन रश म्हणाला होता, हे त्यातला एक मुलगा दुसऱ्याला सांगतो. "ते कोण?" "तेच तर!" देशभर लोक हसले. मला अजून ती बघवत नाही.

1999 मध्ये जॉन कोलमन प्रशिक्षक झाले. पेशाने शिक्षक राहिलेला लिव्हरपूलचा माणूस. त्यांच्या हाताखाली संघ एकेक पायरी चढत 2006 मध्ये लीगमध्ये परतला, 44 वर्षांनी. 1962 मध्ये रिकामी झालेली जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. 2006 मध्ये लीगमधून खाली गेलेल्यांत तेच ऑक्सफर्ड होतं. शेजारी हे सांगताना दर वेळी खुर्चीतून उठतात.

सुख सरळ मिळालं नाही. 2009 मध्ये थकलेल्या करापायी क्लब पुन्हा बुडता बुडता वाचला. 2016 मध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी घरच्या मैदानावर 0-0 अशी बरोबरी झाली. तिकडे ब्रिस्टल रोव्हर्सने 92 व्या मिनिटाला गोल केला आणि बढती गोलफरकावर हुकली. दोन वर्षांनी मात्र स्टॅन्ली लीग टूचा विजेता ठरला आणि नव्या क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या पायरीवर गेला. पाच हंगाम तिथे टिकून 2023 मध्ये तो खाली आला.

मी गोलामागच्या क्लेटन एंडला उभा राहतो. खुर्च्या नाहीत, पायऱ्या आहेत. हातात मांस-बटाटा भरलेली गरम 'पाय' (pie), मागे टेकड्यांवरून येणारा वारा. पाच हजारांचं मैदान, तेही बहुतेक वेळा अर्धंच भरतं, त्यामुळे खेळाडूंचं एकमेकांना ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. स्थानिक उद्योजक अँडी होल्ट यांनी 2015 मध्ये क्लब हाती घेतला. तेव्हापासून इथल्या शाळांतल्या लहान मुलांना क्लबचा लाल शर्ट फुकट मिळालेला आहे. रस्त्यात असा शर्ट घातलेलं पोर दिसलं की मला फार बरं वाटतं.

मागच्या महिन्यात बाबांचा आणि शेजाऱ्यांचा व्हिडिओ कॉल लावून दिला. मी मध्ये दुभाषा. शेजाऱ्यांनी टेबलावर बोट फिरवत यंत्राच्या चात्या (स्पिंडल) कशा बसवायच्या ते दाखवलं. बाबांनी तुटलेला धागा एका हाताने कसा सांधायचा ते दाखवलं. तिथवर माझी गरज लागली नाही. मग बाबांनी विचारलं, "यांना विचार, शनिवारी कोणाशी आहे?"