रिझर्व्हवर टाकली की गाडी बंद

माझी मोटरसायकल 2013 ची, दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली. चिपळूणहून शृंगारतळीला रोज कामाला जातो, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. गेल्या जुलैत पेट्रोलचा काटा वेड्यासारखा वागायला लागला. दोन दिवस अर्ध्यावरच अडकून राहायचा, मग एखाद्या उतारावर एकदम खाली आणि पुढच्या वळणावर परत वर. मी काट्याकडे बघणं सोडलं आणि किलोमीटर मोजून पेट्रोल भरायला लागलो. त्याच वेळी हात घातला असता तर पुढचे पंधरा दिवस वाचले असते.

आठवड्याभरात गाडी मिसिंग करायला लागली. सपाटीला ठीक, पण मार्गताम्हाण्याच्या अलीकडे चढ लागला की झटके. एका संध्याकाळी धो धो पावसात ती चढावरच बंद पडली. पेट्रोल संपलं असेल म्हणून कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) ऑनवरून रिझर्व्हवर, म्हणजे तळाच्या राखीव पेट्रोलवर फिरवला. किक मारली, चालू झाली आणि दोन मिनिटांत परत बंद. पुन्हा ऑनवर घेतली तर रडतखडत का होईना, चालली. पेट्रोल संपलं असतं तर याच्या नेमकं उलट व्हायला हवं होतं. ही गोष्ट डोक्यात बसली.

पहिल्या गॅरेजात प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, आणि काट्यासाठी अख्खा मीटर बदलावा लागेल असं सांगितलं. तीन दिवस गाडी छान चालली, चौथ्या दिवशी परत तेच.

मग माझा संशय पंपावर गेला. मी तिथे गेलो आणि तपासणी मागितली. हा आपला हक्क आहे आणि लोक तो फारसा वापरत नाहीत. मॅनेजरांनी कुरकुर न करता फिल्टर पेपर दिला. नोझलचं टोक पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. थेंब दोन मिनिटांत उडून जातो आणि मागे डाग राहता कामा नये. डाग राहिला नाही. मग उंच बरणीत पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडला, आलेली घनता तक्त्यावरून 15 अंश सेल्सिअसला बदलली आणि रजिस्टरमधल्या आकड्याशी ताडून पाहिली. फरक घनमीटरला 3 किलोपेक्षा जास्त नको, तो एकच होता. पंपात काही खोट नव्हती.

तेव्हा मी चाचांकडे गेलो. वयस्कर मिस्त्री आहेत, हाताखाली एकच पोरगा. रिझर्व्हची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, "सर, मीटर-बिटर राहू द्या. आधी टाकीच्या बुडात काय आहे ते बघू."

बॅटरीची वायर काढली, गाडी शेडच्या मोकळ्या बाजूला घेतली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी कॉकखाली धरली आणि कॉक रिझर्व्हवर केला. दहा मिनिटं बरणी तशीच ठेवली. वर पिवळसर स्वच्छ पेट्रोल होतं. खाली दोन बोटं जाडीचा गढूळ थर, मध्ये काचेवर आखल्यासारखी सरळ रेघ. अगदी तळाला विटकरी रंगाची भुकटी. बरणी हलवली की ती धुरासारखी उठायची आणि परत हळूहळू बसायची.

कोडं तिथेच सुटलं. पाणी जड, म्हणून तळाला. रिझर्व्हचं भोक तळाजवळ, ऑनची नळी उंच, म्हणून ऑनवर गाडी तग धरायची. माझ्या टाकीत कॉक मागच्या बाजूला आहे, चढावर पाणी मागे सरकून त्याच्यावरच यायचं.

अजून एक गोष्ट चाचांनी सांगितली. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, पण प्रमाणाबाहेर झालं की ते पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणून खालचा थर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा बराच मोठा होतो. वरचं पेट्रोल गाळून वापरू, असं मला वाटत होतं. पण इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळायची ताकद घसरते आणि इंजिन ठोकायला लागतं. ते पेट्रोल मी चाचांकडे पार्ट धुवायला ठेवलं. गटारात ओतायचा प्रश्नच नव्हता.

काट्याचा दोष मीटरमध्ये नव्हताच. टाकीखालच्या सॉकेटमधल्या दोन वायरी क्षणभर जोडल्या, चावी फिरवली, तर काटा सरळ फुलवर गेला. म्हणजे मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक. मग टाकीतलं युनिट, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग, बाहेर काढून मल्टिमीटर लावला आणि फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची) दांडी हाताने हळूहळू वर-खाली केली. वर 9 ओहम, खाली 95. आकडा सावकाश सरकत जायला हवा होता, पण मधल्या टप्प्यात तो गायबच व्हायचा. तिथली पट्टी गंजून खवखवीत झाली होती. एकाच पाण्याने इंजिनही अडवलं होतं आणि काटाही.

पण पाणी शिरलं कुठून? टाकीच्या झाकणाभोवती खोलगट वाटी असते. तिच्यात एक बारीक भोक असतं आणि तिथून एक नळी टाकीतून खाली जाऊन पावसाचं पाणी बाहेर सोडते. माझ्या गाडीची ती नळी खालून बंद होती, कुंभारीण माशीने तोंडाशी मातीचं घर बांधलं होतं. वाटीत तुंबलेलं पाणी झाकणाच्या जुन्या रबरातून आत झिरपत होतं. ऑफिसबाहेर उघड्यावर आठ-आठ तास कोकणातला पाऊस झेलणारी गाडी ती! चाचांनी क्लचच्या जुन्या केबलमधली एक तार घातली, मातीचा गोळा खाली पडला आणि मागोमाग पाण्याची धार लागली.

टाकी धुवायला दोन दिवस गेले. कॉक आणि युनिटची भोकं बंद करून लिंबूफूल घातलेलं गरम पाणी भरलं, मूठभर नट टाकले आणि अधूनमधून हलवत राहिलो. काळं पाणी ओतून खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळली, मग साध्या पाण्याने. पावसाळ्यात उन्हाची आशा नव्हती, म्हणून अर्धा तास कॉम्प्रेसरची हवा मारली आणि लगेच आतून पेट्रोल फिरवलं. ओली राहिली तर डोळ्यादेखत गंज चढतो. नवीन युनिट, झाकणाचं आणि युनिटचं रबर, कॉकची जाळी एवढं बदललं. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये चमचाभर पाणी निघालं, ते त्याच्या स्क्रूतून सोडलं.

गाडी सुरू व्हायच्या आधी एक काम मी हट्टाने करून घेतलं. रिकाम्या टाकीत एकेक लिटर पेट्रोल ओतलं आणि दर वेळी चावी फिरवून काटा कुठे आहे ते लिहून ठेवलं. दोन लिटरपर्यंत काटा लाल पट्टीतून हलत नाही, सहाला बरोबर मध्यावर येतो. ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली चिकटवली आहे आणि शेजारी ती क्लचची तार. या जूनपासून दर रविवारी ती नळीतून एकदा फिरवतो.