जामीन झाला, मग माणूस आत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोनवर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीतही प्रश्न तोच असतो: "मॅडम, जामीन झाला म्हणालात ना? मग पोरगं अजून येरवड्यात कसं?"

जामीन मंजूर झाला म्हणजे कागद झाला. त्यावर असतं, २५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. हे पैसे लगेच भरायचे नसतात, आरोपी तारखांना आला नाही तर वसूल होतात, हे सांगितलं तरी कुणाला पटत नाही. पण माणूस अडकतो तो जामीनदारापाशी. आधार, रेशनकार्ड, पगाराची स्लिप नाहीतर सातबारा, शिवाय कधी ऐपतीचा दाखला, म्हणजे तहसीलच्या खेपा.

वाघोलीच्या साइटवरचा एक सेंट्रिंगवाला माझा पक्षकार होता. त्याचा भाऊ सातबारा घेऊन रात्रीच्या एसटीने बीडहून आला. कोर्टाच्या टेबलापलीकडून उत्तर आलं, "बाहेरचा जिल्हा आहे, लोकल आणा." लोकल आणायचा कुठून? पुण्यात त्याला ओळखणारे सगळे त्याच्याच शेजारच्या पत्र्याच्या खोल्यांतले. मुकादमाने तर फोनच उचलला नाही.

आता हे ऐका. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण मध्य प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १० हजारांचा जामीन मागितलेला, आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलेलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी हे कुठल्या कायद्यात लिहिलंय असं खडसावून विचारलं आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. ३१ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, अशी अट घालू नये. पंचेचाळीस वर्षांत टेबलापर्यंत पोचलं नाही ते नाहीच.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. चर्चासत्रांत तिच्या नावावरच अर्धा तास जातो. जामिनाची रक्कम अवाजवी नको हे जुन्या कलम ४४० मधलं वाक्य आता कलम ४८४ मध्ये आहे, बाकी तेच. माझ्या कामाचं आहे ते कलम ४७९. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला 'बाँड'वर सोडायचं. आणि याच संहितेच्या व्याख्येत बाँड म्हणजे जामीनदाराविना. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि दुसरी केस चालू नसेल तर. मसुदा लिहिणाऱ्याने हा शब्द जाणूनबुजून घातला की चुकून, देव जाणे. मी तो अर्जात ठळक करते.

सेंट्रिंगवाल्यासाठी मात्र एक तृतीयांशाची वाट बघायची नव्हती. मोतीरामचा निकाल जोडून जामीनदाराची अट शिथिल करायचा अर्ज दिला. अठराव्या दिवशी तो जातमुचलक्यावर सुटला. भावाने ऊसतोडीची उचल घेतलेली, तो केव्हाच टोळीबरोबर कारखान्यावर निघून गेला होता. त्याचा सातबारा अजून माझ्या फाइलमध्ये आहे.