चौथी पायरी

श्रावण संपत आला की मालवण-तारकर्लीकडच्या पर्यटनाच्या बोटींची धावपळ सुरू होते. पावसाळाभर जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे डागडुजीची सगळी कामं हंगामाआधीच्या थोड्या दिवसांत एकदम येऊन पडतात. माझं काम फायबर बोटींचं. त्या वेळी स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय करणारा एक तरुण बोट घेऊन आला होता. तिच्या मागच्या बाजूला आम्हीच नवा प्लॅटफॉर्म बांधून दिला होता. आता त्याला शिडी हवी होती. ती तो मुंबईहून घेऊनही आला होता. दुर्बिणीच्या नळीसारखी आत सरकणारी, तीन पायऱ्यांची, आरशासारखी चकचकीत.

"दादा, चार स्क्रू मारा की झाला," तो म्हणाला.

मी म्हटलं, आधी बांधून बघूया. बोट कर्ली नदीच्या शांत पाण्यात नेली आणि शिडी तात्पुरती क्लॅम्पने आवळली. त्याच्याकडचे डायव्हर पोरगे लगेच चढून दाखवायला तयार झाले, पण त्यांना शिडीची गरजच काय? ते काठ धरून एका झटक्यात वर येतात. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे पाण्यात उतरणारे पर्यटक बहुतेक पहिल्यांदाच समुद्रात आलेले असतात. कित्येकांना पोहता येत नाही. वर येईपर्यंत मांड्या दमलेल्या, कपडे चिंब, पोटात खारं पाणी. त्यांच्या जागी कोण उतरणार?

मालकाची आई बोटीवर होती. पन्नाशी ओलांडलेली, गुडघा दुखणारा, पण जन्म खाडीकाठचा. म्हणाली, "मी उतारतंय." अंगावर पंजाबी ड्रेस, वर लाइफ जॅकेट, बाजूला दोन डायव्हर.

काकींनी शिडी धरली आणि पाय पायरीवर टेकवायला बघितलं. पाय सापडेना. रिकाम्या बोटीचा प्लॅटफॉर्म पाण्यापासून ४० सेंमी वर होता आणि तिसरी पायरी प्लॅटफॉर्मपासून ७५ सेंमी खाली. म्हणजे पाण्याखाली शिडी जेमतेम ३५ सेंमी. तरंगणाऱ्या माणसाला तिथवर पाय न्यायचा तर गुडघा छातीशी आणावा लागतो, आणि जॅकेटचा फोम मध्ये अडतो. कसाबसा पाय चढला, भार आला, आणि खालून काही टेकू नसलेली शिडी झुलत प्लॅटफॉर्मच्या खाली गेली.

"पाय पुढे जातत नि आंग मागे जाता!" काकी ओरडल्या.

सगळं वजन हातांवर आलं. डायव्हरांनी खालून आधार दिला म्हणून त्या दुसऱ्या पायरीपर्यंत आल्या. मग तिथेच अडल्या. शिडीचे दांडे प्लॅटफॉर्मच्या कडेशी संपत होते आणि पुढे सपाट, ओलं फायबर. "आता हात खंय धरू?"

मला तो प्रश्न फार मोठा वाटला. पाण्यात असेपर्यंत पाणी माणसाला उचलून धरतं. कंबर बाहेर आली की तो आधार जातो, शिवाय कपड्यांतलं पाणीही वजनात येतं. सगळ्यात जास्त जोर तिथे लागतो आणि नेमकं तिथेच धरायला काही नसतं. तिथे हात सुटला तर माणूस मागे पडतो, इंजिनाच्या बाजूला.

पोरगा गप्प झाला होता. त्याला आईचा चेहरा दिसला होता.

परदेशात लहान बोटींसाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा मानक नियम आहे: शेवटची पायरी पाण्याखाली निदान २२ इंच, म्हणजे ५६ सेंमी हवी, आणि पाण्यात एकटा पडलेल्या माणसालाही शिडी स्वतः खाली ओढता आली पाहिजे. आपल्याकडे कोणी मोजायला येवो न येवो, माणसाचा पाय तेवढाच असतो. मी २८ सेंमी अंतराच्या चार पायऱ्या धरल्या: शेवटची ७२ सेंमी पाण्यात. माप घेताना बोट रिकामी ठेवली आणि दोघांना पुढे नाळीवर, म्हणजे बोटीच्या टोकावर, उभं केलं, कारण माणसं पुढे गेली की मागची बाजू उचलली जाते. भरलेल्या बोटीवर घेतलेलं माप फसवं ठरतं.

एका डायव्हरचा आग्रह होता मधल्या एकाच दांड्याच्या शिडीचा, जिच्या पायऱ्या दोन्ही बाजूंना उघड्या असतात. फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे रबरी कल्ले, न काढता, सिलिंडरसकट चढायला ती उत्तमच. पण इथे पर्यटकाचे फिन्स आणि सिलिंडर गाइड पाण्यातच काढून वर देतो. अनवाणी, घाबरलेला पाय त्या उघड्या टोकावरून सहज घसरेल. म्हणून दोन दांड्यांची, रुंद चपट्या पायऱ्यांची शिडी ठरली. गोल पाइपवर ओला तळवा किती दुखतो हे चढणाऱ्यालाच कळतं.

धातूचंही बघितलं. मुंबईच्या शिडीच्या बिलावर '३१६' लिहिलेलं होतं, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील; ३०४ हा त्याहून साधा प्रकार. लोहचुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, ३०४ मध्ये नसतो. म्हणून रसायनाच्या थेंबाची मॉलिब्डेनमची चाचणी केली, रंग बदलला नाही. ते ३०४ होतं. खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खड्डे पडतात, सांध्यातून आधी. शिवाय सरकत्या नळ्यांत इथली रेती आणि मीठ बसलं की शिडी अर्ध्यावर अडकणार. मी ती परत करायला सांगितली, आणि ३१६ च्या पाइपची, घडी घालून वर येणारी शिडी फॅब्रिकेटरकडून करून घेतली. मागे दोन टेकू, म्हणजे भार आला तरी ती आत झुलत नाही. पाण्यातून ओढायला एक पट्टा. आणि प्लॅटफॉर्मवर कडेपासून हातभर आत, पाइपच्या दोन भक्कम मुठी.

बसवायला वेळ लागला, तो मला घालवायचाच होता. फायबरच्या आतल्या प्लायवूडला पाणी लागलं की प्लॅटफॉर्म आतून कुजतो. म्हणून भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरायची, त्यात पुन्हा बोल्टचं भोक पाडायचं, खाली रुंद स्टीलची पट्टी आणि हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट. जागा इंजिनापासून जितकी लांब मिळेल तितकी.

पुन्हा कर्लीत गेलो. काकींनी पट्टा ओढला, शिडी खाली आली. पाय लगेच टेकला. एक, दोन, तीन, चौथ्यानंतर हात पुढे गेले आणि मुठी सापडल्या. कोणी हात लावला नाही. वर बसून दम घेत त्या मुलाला म्हणाल्या, "किल्ली काढल्याशिवाय ही शिडी खाली सोडू नकोस हां. तो इंजिनाचो पंखो माका खालून दिसता."

तो नियम त्याने त्याच दिवशी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, सांगितला: आधी इंजिन बंद, किल्ली तांडेलाच्या गळ्यात, मग शिडी. दुसऱ्या बोटीची मापं घ्यायला मी पुढच्या आठवड्यात गेलो. तिला प्लॅटफॉर्मच नाही, काठ उंच आहे, तिथे बहुधा पाच पायऱ्या लागतील.