ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियलची जोडणी: पॅकिंग कुठे, सीलंट कुठे

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या ट्रान्सफर केसची (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची) बेअरिंगं आणि ऑइल सील बसले, आता केस बंद करायची वेळ आली आहे. तेल गळू नये म्हणून जोडांमध्ये घातलेली जुनी कागदी पॅकिंगं सगळीकडून खरवडून काढली. सरसकट सगळीकडे सीलंट (लावल्यावर घट्ट होणारी पेस्ट) लावून मोकळं व्हावं, असा मोह इथेच होतो. पण प्रत्येक जोडाला आधी एकच प्रश्न विचारायचा: इथल्या पॅकिंगची जाडी कुठल्या मापात धरलेली आहे का?

इनपुट शाफ्टच्या बेअरिंग कव्हरचंच बघा. हे कव्हर बेअरिंगच्या बाहेरच्या रेसला (कड्याला) दाबून धरतं आणि शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) रेसच्या मागे असतात. पॅकिंग लावून, बोल्ट टॉर्कवर आवळून डायल गेज लावला, तर एंड प्ले (शाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल) 0.15 मिमी आला. दाबली गेलेली पॅकिंग मायक्रोमीटरवर 0.22 भरली. म्हणजे पॅकिंग काढून नुसतं सीलंट लावलं असतं, तर कव्हर तेवढंच आत सरकलं असतं. प्ले संपून वर 0.07 चा दाब बेअरिंगवर आला असता. हाताने फिरवताना शाफ्ट जरा जड वाटला असता, एवढंच. गाडी चालवल्यावर मात्र बेअरिंग तापून गेलं असतं. शिम कमी करून हे जुळवता येतं, पण मूळ जाडीची पॅकिंग मिळत असताना तो खटाटोप कशाला? इथे पॅकिंगच लावली, कोरडी.

केसचे दोन अर्धे भाग मात्र वेगळे. दोन्ही फेस मशीन केलेले, डॉवेलवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) बसणारे, आणि मध्ये कुठलंच माप अडकलेलं नाही. तिथे ॲनारोबिक सीलंट. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होतं, त्यामुळे आत पिळून आलेलं जास्तीचं सीलंट पातळच राहतं आणि तेलात मिसळून जातं. सिलिकॉनचा गोळा आत सुटला, तर तो थेट तेलाच्या वाटेत जाऊन बसू शकतो. धातूला धातू भिडल्यामुळे बोल्टचा ताणही टिकतो. कागदी पॅकिंग कालांतराने दबते आणि बोल्ट ढिले पडतात. ॲल्युमिनियमवर ॲनारोबिक सीलंट लोखंडापेक्षा हळू पकडतं, म्हणून थंडीत तेल भरायची घाई नको. पाव मिलिमीटरपेक्षा मोठी फट असेल, तर ते विसरा.

डिफरेन्शियलचं (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचं) कव्हर पत्र्याचं. पत्रा लवचिक, फट कमीजास्त होणारच, त्यामुळे इथे सिलिकॉनच बरं. घेताना दोन गोष्टी बघा: गिअर ऑइल सोसणारं हवं (डिफरेन्शियलच्या हायपॉइड गिअरच्या तेलात साधं सिलिकॉन फुगून मऊ पडतं), आणि ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला नको. तो ॲसिड सोडणारा प्रकार धातूला गंज आणतो. लावण्याआधी कव्हर सपाट लोखंडावर उपडं ठेवलं, तर बोल्टच्या भोकांपाशी पत्रा फुगलेला दिसला. आधी कुणीतरी जोर लावून आवळलेला. हलक्या हातोडीने ठोकून बसवला. हे केलं नाही, तर कुठलंही सीलंट गळणारच. मग सुमारे 3 मिमीची अखंड रेघ, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने.

फेस साफ करताना ग्राइंडरला खरबरीत पॅड लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. ॲल्युमिनियममध्ये खळगे पडतात आणि पॅडची धूळ बेअरिंगमध्ये जाते. प्लास्टिकची पट्टी, रिमूव्हर आणि वेळ, एवढं पुरतं. आरपार भोकांच्या बोल्टना थ्रेड सीलंट लागतं, आणि बंद भोकांत तेल साचलेलं असेल तर हवा मारून काढा, नाहीतर बोल्ट आवळताना केसला तडा जाऊ शकतो.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत घट्ट होत जातं, तेव्हा डिफरेन्शियल उद्यापर्यंत तसंच राहील. तोवर ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी हवेची वाट) उघडून साफ करतोय. तो तुंबलेला असला, तर आत दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. चाकांच्या हबची पॅकिंगं कापून ठेवली आहेत. तिथे जाडीचा संबंध नाही, कागद आणि दोन्ही बाजूंना तेलाचा हलका हात पुरेल.