सकाळी पिशवी रिकामी हवी

कोंबडीच्या मानेखाली, छातीच्या जरा उजव्या अंगाला जी फुगवटी दिसते, ती तिची अन्नपिशवी. डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात. संध्याकाळी खुराड्यात शिरताना ती टम्म भरलेली असणारच. दिवसभर वेचलेली बाजरी, दादर ज्वारी, कणी सगळं तिथे साठतं, भिजतं आणि रात्रभरात थोडं थोडं खाली सरकतं. पहाटेपर्यंत पिशवी मोकळी होते. म्हणून संध्याकाळी हात लावून ‘गाठ आली’ म्हणत धावपळ करण्यात अर्थ नाही. तपासायचं ते सकाळी, दाणे टाकायच्या आधी.

पिशवी मोकळी होत नसल्याचा संशय आलेली कोंबडी रात्री वेगळ्या डालग्याखाली झाकावी. पाणी ठेवायचं, दाणा नाही. खाली गोणपाट किंवा गवत अंथरू नका, ती तेच टोचत बसते. जुना पुठ्ठा बरा. सकाळी तिला डाव्या काखेत धरून उजव्या हाताची बोटं मानेवरून खाली छातीपर्यंत आणायची. निरोगी कोंबडीत सैल कातडीशिवाय हाताला काही लागत नाही. त्याखाली मधोमध जे टोकदार लागतं ते छातीचं हाड, गाठ नव्हे. मात्र ते हाड सुरीच्या धारेसारखं वर आलं असेल आणि दोन्ही बाजूंचं मांस बसलं असेल, तर दुखणं बऱ्याच दिवसांचं आहे.

हाताला मळलेल्या कणकेसारखा किंवा त्याहून घट्ट गोळा लागला तर पिशवी तुंबलेली आहे. पाणी भरलेल्या फुग्यासारखी डुचमळली आणि चोचीतून आंबूस वास आला, तर आंबलेली. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे हा फरक ओळखल्याशिवाय काही पाजू नये.

तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा लांब धागा. उन्हाळ्यात बांधावर हिरवं काही उरत नाही, मग कोंबड्या कडब्याच्या कुट्टीत चोच मारतात. कापसाच्या हंगामात ओसरीवर गाठोडी पडलेली असतात, सुतळीचे तुकडे, गोणीचे दोरे विखुरलेले असतात. केळीच्या खोडाचे वाळलेले धागेही तसेच. असे धागे पिशवीत गुंतून त्यांची वळकटी होते आणि खालच्या अरुंद तोंडाशी अडकते. दुसरं कारण खड्यांचा अभाव. कोंबडीला दात नसतात. दळण्याचं काम पेटा करतो, कलेजीसोबत मिळतो तोच, आणि त्याला जातं म्हणून खडे लागतात. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत खडा सहज सापडत नाही. त्यातून कोंबड्या जाळीत कोंडलेल्या असतील तर खडे आपणच द्यायला हवेत. अंड्याची टरफलं हा त्याला पर्याय नाही, ती पोटात विरघळतात.

तुंबलेल्या पिशवीवर पहिले २४ तास दाणा पूर्ण बंद, पाणी चालू. दीड-दोन किलोच्या कोंबडीला २ ते ३ मिली खोबरेल तेल आणि त्यामागून ५ ते १० मिली कोमट पाणी सुई काढलेल्या सिरिंजने द्यावं. इथेच बहुतेकांचा हात चुकतो. जिभेच्या मुळाशी जे छिद्र उघडझाप करताना दिसतं ती श्वासनळी. घाईत सगळं घशात ओतलं तर तेल फुप्फुसात जातं आणि कोंबडी पिशवीऐवजी त्यानेच मरते. चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचं, तिला गिळू द्यायचं, मग पुढचा थेंब. दहा मिनिटांनी बोटांच्या टोकांनी गोळा हलके हलके फोडायचा, ढेकूळ मोकळं करावं तसा; वर घशाकडे ढकलायचा नाही. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. गोळा मऊ पडून लहान होत गेला तर दुसऱ्या दिवसापासून भिजवलेलं खाद्य किंवा कुस्करलेलं उकडलेलं अंडं, एका वेळी दोन चमचेच. भाकरी-पोळी नको, तिचा पुन्हा गोळा होतो.

दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर डॉक्टरांकडे न्यावं. कातडी आणि पिशवी उघडून गुंता काढतात आणि दोन्ही थर वेगवेगळे शिवतात. वाचून सोपं वाटतं, पण घरी ब्लेड घेऊन बसू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आंबलेल्या पिशवीत कॅन्डिडा नावाची बुरशी माजलेली असते, तिला यीस्टही म्हणतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. सकाळी कालवलेला भरडा दुपारपर्यंत फसफसतो आणि कोंबड्या तोच खातात. तुंबलेली पिशवीही काही दिवसांनी आंबते. अँटिबायोटिकचा लांबलेला डोस हेही एक मोठं कारण: बुरशीला धाकात ठेवणारे जिवाणू त्यात मरतात. कोंबडी मलूल दिसली की दुकानातून पावडर आणून पाण्यात टाकायची सवय इथे नडते. गूळपाण्याचंही तसंच. अशक्त कोंबडीला ते एरवी चालेल, पण आंबलेल्या पिशवीत गोड म्हणजे बुरशीला खुराक.

यात १२ तास उपाशी, स्वच्छ पाणी, मग थोडं थोडं उकडलेलं अंडं. मसाज जवळपास नाहीच. बुरशीवर निस्टॅटिन हे औषध चालतं, त्याचा डोस वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवायचा. मोरचूदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, जुना उपाय अजून सांगितला जातो: २००० भाग पाण्याला १ भाग, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. पण शेतात फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेल्या पुडीतून चिमूट टाकणं म्हणजे अर्धा ग्रॅम नव्हे. जास्त झालं तर ते विषच. वजनकाटा आणि डॉक्टरांचा सल्ला दोन्ही नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि कोंबडीला पाय धरून उलटी टांगून पाणी ओकवणं आता थांबवा. गावात हा उपाय हमखास कुणीतरी सुचवतं. त्यात बाहेर येणारं आंबट पाणी श्वासनळीत शिरतं आणि हातातच कोंबडी जाते.

काहींची पिशवी कायमची ओघळून छातीखाली लोंबते. ताणलेले स्नायू परत आवळत नाहीत. थोडं थोडं, वारंवार खायला घालून तशी कोंबडी सांभाळता येते.

एकाच वेळी दोन-चार कोंबड्यांच्या पिशव्या भरलेल्या राहिल्या, हिरवी पातळ विष्ठा, धाप, मान वळणं दिसलं तर पिशवी विसरा. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असू शकते. आजारी वेगळ्या करा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. पेरणीच्या दिवसांत रंगीत औषध लावलेलं बियाणं खाल्ल्यानेही भरल्या पिशवीने कोंबडी तासाभरात आडवी होते. तिचं मटण खायचं नाही, कुत्र्यालाही टाकायचं नाही, खोल पुरायचं.

खड्यांसाठी बांधकामाची वाळू चाळल्यावर चाळणीत जे उरतं त्यातले ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे खडे निवडा, धुऊन उथळ टोपल्यात वेगळे ठेवा. दाण्यात मिसळू नका. लागतील तेवढे कोंबड्या स्वतःच उचलतात. सिमेंट लागलेले खडे मात्र आधी बाजूला काढा.