सहा कोअर आणि एक चट्

सोमवार, रात्री

आज पुन्हा तीच चट्. दादा दुसऱ्या कडव्यात वर चढला, मी हेडफोन दाबून धरून बसले होते, आणि नेमकी त्याच जागी चट्. वाळकी काडी मोडावी तशी. टेक थांबवून मागे जाऊन ऐकलं, तर रेकॉर्डिंगमध्येही आहेच.

"अगं, माझ्या घशाचा असेल," दादा म्हणाला. घशाचा नाही. वेव्हफॉर्म ताणून ताणून पाहिला. गाण्याची वळणदार रेघ चालता चालता एकदम कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली येते आणि पुढे दुसरीकडूनच सुरू होते. घसा असा काटकोनात तुटत नाही. मधले काही सॅम्पल, म्हणजे आवाज सेकंदात हजारो वेळा मोजून घेतलेले आकडे, वेळेत पोचलेच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

हिशेब साधा आहे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. दर २.६७ मिलिसेकंदांनी कॉम्प्युटरने पुढचा घास तयार ठेवायचा. हजार वेळा वेळेत दिला आणि एकदा उशीर झाला, तर त्या एकदाची चट् ऐकू येते. सरासरीला इथे काही किंमत नाही. गेममध्ये एखादी फ्रेम गळली तर डोळा माफ करतो, कान करत नाही.

बफर ५१२ केला की चट् जाते, पण मग दादाला स्वतःचाच आवाज हेडफोनात मागून येतो आणि तो लय सोडून आवाजाची वाट बघत गातो. इंटरफेसवरचं, म्हणजे माईक ज्यात लावतो त्या डब्यावरचं, थेट मॉनिटरिंग वापर (आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता सरळ हेडफोनात) म्हटलं, तर त्याला कोरडा आवाज नको. थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, असल्याशिवाय त्याचं गाणं उघडतच नाही. गाणाऱ्याशी यावर वाद घालू नये.

प्रोसेसर बरा आहे, रायझन ५ ५६००एक्स, सहा कोअरचा, म्हणजे आत सहा कामकरी. मदरबोर्ड मात्र ए५२०. घेताना 'आपल्याला काय करायचंय ओव्हरक्लॉक' म्हणून घेतलेला. ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. आता तेच करायचंय, घास वेळेत मिळावा म्हणून.

मंगळवार

दिवसभर कामात मन नव्हतं. डोक्यात चिपसेट, म्हणजे बोर्डावरची ती चिप जिच्यावरून बोर्डाला काय जमतं ते ठरतं.

एएमडीकडे हे बऱ्यापैकी सरळ आहे. ए५२०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, बी५५०वर होतो, एक्स५७०वर होतो. इंटेलकडे गेले असते तर नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागले असते. बी७६०सारख्या बोर्डावर मेमरी वाढवता येते, प्रोसेसरचा गुणक, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा आकडा, नाही. म्हणजे हातात आहे तोच प्रोसेसर ठेवायचा आणि खिसाही सांभाळायचा, तर बी५५०. निर्णय पाच मिनिटांत झाला आणि मला उगीच वाईट वाटलं. मी आठवडाभर वाचायच्या तयारीत होते.

एक्स५७० मोठा भाऊ, पण २०१९ साली आलेल्या त्याच्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटच्या डोक्यावर एक चिमुकला पंखा बसवलाय. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि त्याचा आवाज जाड, वाऱ्यासारखा असतो. चिमुकला पंखा डासासारखा बोलतो. ज्या खोलीत माईक उघडा राहणार आहे तिथे मी पैसे मोजून डास आणणार नाही. बी५५०चा चिपसेट नुसत्या हीटसिंकवर गप्प बसतो. स्वस्त वस्तू चांगलीही निघावी असे प्रसंग फार येत नाहीत.

गुरुवार, उशिरा

आज मोहात पडले होते, ते लिहून ठेवते.

दोन बी५५० बोर्ड समोर होते. एकावर एएलसी८९७ साउंडचिप. दुसऱ्यावर एएलसी१२२०, सोनेरी कपॅसिटर आणि ऑडिओचा भाग वेगळा राखणारी ती पीसीबीवरची रेघ. खोक्यावर हेडफोनचं चित्र. स्टुडिओ हा शब्द तर दोनदा. घरी ऑडिओचं काम करणाऱ्या माणसाने दुसरा घ्यावा असं कुणीही सांगेल, मीही अर्धा तास स्वतःला तेच सांगत होते.

मग टेबलाकडे पाहिलं. माईक इंटरफेसमध्ये, हेडफोन इंटरफेसमध्ये, स्पीकर इंटरफेसमध्ये. बोर्डाच्या मागच्या रंगीत भोकांत गेल्या दोन वर्षांत एकही पिन गेलेली नाही. आवाजाचे आकडे इंटरफेस करतो आणि यूएसबीने पाठवतो. बोर्डावरची चिप कितीही सोनेरी असली तरी तिला यातलं काही ऐकूच येत नाही. नव्या बोर्डावर ती मी बायोसमधूनच, म्हणजे बोर्डातच भरलेल्या सॉफ्टवेअरमधूनच, बंद करणार आहे, एक ड्रायव्हर कमी. इंटरफेस नसता, थेट बोर्डात हेडफोन खुपसून ऐकायचं असतं, तर एएलसी१२२०च घेतली असती.

मग ऑडिओवाल्याने बोर्डात बघायचं काय? माझ्या मते यूएसबी. तेच कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. या प्रोसेसरमधून थेट चार यूएसबी पोर्ट निघतात, बाकीचे चिपसेटमधून. मागच्या पट्टीवर कुठला कुणाचा ते मॅन्युअलमधल्या आकृतीत कळतं. इंटरफेस एकीकडच्या पोर्टात आणि बाहेरची डिस्क, कॅमेरा, बाकीची वरात दुसरीकडे, एवढी सोय झाली पाहिजे. २०२१च्या सुरुवातीला ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी मधूनच तुटण्याचा त्रास बऱ्याच जणांना झाला होता. एएमडीने तो मान्य केला आणि एजेसा या बायोसच्या मूळ भागाच्या १.२.०.२ आवृत्तीत दुरुस्ती दिली. म्हणून बोर्ड कुठलाही येवो, आधी बायोस नवा करायचा.

दुसरं, व्हीआरएम. म्हणजे प्रोसेसरला वीज बारीक करून भरवणारा बोर्डाचा भाग. हे काम वाटून घेणारे भाग म्हणजे फेज, आणि इथे फेजच्या संख्येचा बाजार भरलेला असतो, दहा, बारा, चौदा. ६५ वॅटचा सहा कोअरचा प्रोसेसर चालवायला चौदा फेज म्हणजे एका माणसाच्या सामानाला ट्रक. मी दोनच गोष्टी बघितल्या: त्यावर खरा, वजनदार, स्क्रूने बसवलेला हीटसिंक आहे का, आणि तो फेजच्या दोन्ही ओळींवर आहे का. एका ओळीवर धातू आणि दुसरी उघडी, असे बोर्ड बरेच आहेत. फोटो नीट वरून घेतलेला असतो, लक्षात येत नाही.

एएलसी८९७वाला घेतला. त्याला व्हीआरएमवर दोन्हीकडे हीटसिंक आहे, आणि बायोस बिघडला तर प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून परत भरायचं बटणही. मी कशी आहे ते मला माहीत आहे. ते बटण लागणार.

शनिवार

बोर्ड आला. जुना उघडला आणि मी मूर्खपणा केला.

कूलरचे स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. कूलर आला. त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही आला, सॉकेट बंद असताना. एएम४ या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आधी मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद केलं की कूलर डावीउजवीकडे पिळून सोडवायचा आणि मगच उचलायचा. चार पिना वाकल्या.

तासभर दिव्याखाली. लीड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक पिनेवर बरोबर बसतं. एकेक पिन केसाएवढी सरळ करायची, बाजूने ओळ बघायची, पुन्हा केसाएवढी. दादा दारात उभा राहून म्हणाला, "तू गाणं मिक्स करतेयस की दात काढतेयस?" मी उत्तर दिलं नाही, श्वास रोखला होता.

चालू झाला. पहिल्याच फटक्यात. जरा रडूच आलं.

रविवार

ओव्हरक्लॉक. सकाळी हौसेने सहाही कोअर ४.४ गिगाहर्ट्झवर पक्के केले, १.२५ व्होल्ट. रेंडर, म्हणजे पूर्ण गाणं एका फायलीत उतरवणं, झपाझप व्हायला लागलं. आकडे बघून खूश. मग जुनं प्रोजेक्ट उघडलं आणि दादाच्या आवाजाचा ट्रॅक, ज्यावर सात प्लगइन (आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्राम) एकामागे एक आहेत, आधीपेक्षा लवकर धापा टाकायला लागला!

खूप वेळ समजेना. मग उमगलं, आणि हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. एका ट्रॅकवरची साखळी तोडून वाटता येत नाही. पहिल्या प्लगइनचं झाल्याशिवाय दुसऱ्याला कामच नाही, त्यामुळे ती अख्खी साखळी एकाच कोअरच्या डोक्यावर. बाकीचे पाच रिकामे बसून बघतात. हा प्रोसेसर आपल्या मनाने चालला तर एखाद्या कोअरला ४.६पर्यंत जाऊ देतो. मी सगळ्यांना ४.४वर बांधून त्या धावणाऱ्याचेच पाय बांधले होते. रेंडरला सहाही लागतात, म्हणून तिथे फायदा दिसला. गाताना एकटा लागतो.

पक्का आकडा काढून टाकला. पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला आपणहून जास्त चढू देणारी एएमडीची सोय, चालू केलं, वर कर्व्ह ऑप्टिमायझर. यात प्रत्येक कोअरला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज द्यायचं, म्हणजे तो थंड राहतो आणि वाचलेल्या उष्णतेत आपणहून वर चढतो. वजा ३०पर्यंत जाता येतं. मी वजा २५ दिलं. दोन तास भट्टी पेटवली, म्हणजे सगळे कोअर पूर्ण जोरात राबवून पाहिले, एकही चूक नाही. झोपते.

मंगळवार

वजा २५ खोटं होतं.

दोन तासांच्या भट्टीत न हललेलं मशीन आज काहीच करत नव्हतं तेव्हा बसलं. दादा पाणी प्यायला गेला होता. स्क्रीनवर रिकामं प्रोजेक्ट, मी नखं बघत होते, आणि काळी स्क्रीन. रीस्टार्ट. अर्ध्या तासाने पुन्हा तसंच.

कर्व्ह ऑप्टिमायझरची हीच खोड आहे. सगळे कोअर घाम गाळत असतात तेव्हा ते वरच्या वेगाला जातच नाहीत. आराम चाललेला असताना एखादा कोअर क्षणभर उठतो, मोकळं रान बघून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारतो, आणि तिथेच त्याला व्होल्टेज कमी पडतं. म्हणजे भट्टीची चाचणी चुकीच्या जागी बघत होती. दोन कोअर वजा १०वर आणले, बाकी चार वजा १८. सगळे एका माळेचे मणी नसतात. ज्यांना कारखान्यातूनच चांगले कोअर म्हणून खूण मिळालेली असते, नेमके तेच कमी सोसतात.

मेमरी ३६००वर (तिचं घड्याळ १८००, दर ठोक्याला दोनदा), फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जोडवाट, १८००वर, जोडी बरोबर एकास एक. रात्रभर मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावून ठेवलाय. एक्सएमपी, म्हणजे मेमरीचा तयार दिलेला जास्त वेग लावणं, हेही ओव्हरक्लॉकच, हे लोक विसरतात. मेमरीतला एक चुकलेला बिट म्हणजे महिन्याभराने न उघडणारं प्रोजेक्ट.

गुरुवार

मेमटेस्ट स्वच्छ. मशीन दोन दिवस न पडता उभं आहे. बफर १२८. दादा दुसऱ्या कडव्यात वर चढला.

चट्.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाही.

मग जे पहिल्या सोमवारी करायला हवं होतं ते केलं. लेटन्सीमॉन लावला. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून ठेवतो ते तो दाखवतो. पाच मिनिटांत लाल रेघ: वायफायचं कार्ड. जुन्या बोर्डातून काढून मीच नव्यात लावलं होतं ते. मधूनच नेटवर्क शोधायला उठतं आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरचा हात धरून ठेवतं. ४.६ असो की ६.४, हात धरलेला माणूस धावणार कसा? बंद केलं. वीस मिनिटं सलग रेकॉर्ड केलं. काही नाही. पंचवीस मिनिटं. काही नाही.

"म्हणजे जुना बोर्ड चालला असता?" दादाने विचारलं.

"चट्पुरता चालला असता."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. पण अगदीच फुकट गेलेलं नाही. आता बफर ६४वर, म्हणजे १.३३ मिलिसेकंदांवर, सातही प्लगइन चालू ठेवून तो गातो. जुन्या बोर्डावर हे होत नव्हतं. वायफाय आधीच बंद असतं तर झालं असतं का, ते आता तपासता येणार नाही, जुना बोर्ड भाच्याला देऊन टाकलाय.

शनिवार, पहाटे

झोप येईना म्हणून पंख्यांच्या मागे लागले. रायझनचं तापमान टुणटुण उड्या मारतं, ब्राउझर उघडला की दहा अंश वर, लगेच खाली. पंखा त्याच्या तालावर हुं-हुं करतो. एकसारखा आवाज नंतर काढता येतो, चढउतार होणारा नाही. या बोर्डात पंख्याला कुठल्या सेन्सरचं ऐकायचं ते सांगता येतं. प्रोसेसरऐवजी बोर्डाचं तापमान लावलं, ते म्हशीसारखं सावकाश हलतं. शिवाय वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायला सांगितलं. खोक्यावर याचा एक शब्द नव्हता. स्टुडिओ दोनदा लिहिणाऱ्यांनी हे एकदा तरी लिहायचं.

मग रिकाम्या खोलीचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि आवाज पूर्ण वर करून ऐकलं. पंखा जवळजवळ नाहीच. व्हीआरएमची बारीक शीळही नाही. तिसाव्या सेकंदाला एक करकर आहे, मग पन्नासाव्याला.

माझी खुर्ची आहे. आणि दादाच्या कालच्या टेकमध्येही, दुसऱ्या कडव्याआधी तो श्वास घेतो तिथे, त्याची.