कुंडीतले टोमॅटो : पहिला हंगाम

पहिल्याच हंगामात टोमॅटोच्या वाटेला जाऊ नये, मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांवर आधी हात बसवावा, असा सल्ला मला एकाहून अधिक जणांनी दिला होता. सल्ला रास्तच होता, कारण पालेभाजी महिना-सव्वा महिन्यात कापणीला येते आणि टोमॅटोला मात्र बी पेरल्यापासून पहिले फळ पिकेपर्यंत साधारण तीन ते चार महिने लागतात. तरीही मी टोमॅटोच मुख्य धरला आणि सोबतीला मुळा, पालक, घेवडा व काकडी लावली. त्या चार महिन्यांत खत, कीड, जागा, आधार अशा अनेक गोष्टींकडे पाहावे लागले. पण जवळजवळ प्रत्येक अडचणीचा माग काढत गेल्यावर मी पाण्यापाशीच येऊन पोहोचत असे.

बियांपासूनच हे सुरू झाले. टोमॅटोचे बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरले आणि माती 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार राहिली, तर ते पाच ते दहा दिवसांत उगवते. उगवण उत्तम झाली. पुढे मात्र एका ट्रेमधली काही रोपे मातीलगत देठ बारीक होऊन आडवी पडू लागली. माती सतत ओली राहिली आणि हवा खेळती नसली की बुरशीमुळे असे होते, आणि एकदा कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. त्यानंतर मी वरून पाणी घालणे थांबवले, ट्रे उथळ ताटलीत ठेवून तळाच्या छिद्रांतून पाणी शोषू दिले आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी दिले नाही. उरलेली रोपे वाचली. खिडकीपासून लांब ठेवलेली रोपे उजेडासाठी ताणून लांबुळकी झाली होती, पण टोमॅटोच्या बाबतीत हा दोष निस्तरता येतो.

तो निस्तरता येतो याचे कारण देठाजवळ डोळे नेऊन पाहिले की कळते. रोप हातभर होण्याच्या आतच त्याच्या देठाच्या तळाशी, केसाळ लवेच्या मधूनमधून, खसखशीच्या दाण्याएवढे पांढुरके उंचवटे दिसतात. ही होऊ घातलेली मुळे असतात. देठाचा तो भाग ओल्या मातीखाली गेला की ती फुटतात. म्हणून कुंडीत लावताना मी खालची पाने काढून टाकली आणि देठाचा निम्म्याहून अधिक भाग मातीत गाडला. हे टोमॅटोलाच चालते. काकडीचे रोप मुळे न दुखावता, पूर्वीच्याच खोलीवर लावावे लागते. लावण्यापूर्वी रोपांना आठवडाभर रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून उन्हावाऱ्याची सवय लावली. आधाराची काठी त्याच दिवशी रोवली, कारण नंतर रोवल्यास ती पसरलेल्या मुळांतून आरपार जाते.

कुंडीच्या आकाराबाबत मात्र मी ठाम मताचा झालो आहे. उंच वाढत जाणाऱ्या जातीला वीस लिटरपेक्षा लहान कुंडी देऊ नये. लहान कुंडीत झाड जगत नाही असे नाही, परंतु भर उन्हाळ्यात तिची माती दुपारपर्यंत कोरडी पडते आणि मग माळ्याचे सगळे आयुष्य पाण्याच्या झारीभोवती फिरू लागते. वाढ ठरावीक उंचीला थांबणाऱ्या, झुडुपासारख्या जातीचे थोडक्यात भागते आणि तिच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, खुडण्याचीही फारशी गरज नसते.

पाणी किती द्यावे याचे लिटरमध्ये उत्तर मी पुष्कळ शोधले आणि शेवटी तो नाद सोडला. मातीत दोन पेरे बोट घालून आतली ओल पाहणे आणि कुंडी किंचित तिरकी करून वजन अजमावणे, या दोन गोष्टींनी काम भागले. दुपारी पाने माना टाकतात ती पुष्कळदा केवळ उन्हामुळे असतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळीही पाने मलूल दिसली तर मात्र मुळांकडे पाहावे लागते, आणि तिथे पाणी कमी झालेले असू शकते तसे जास्तही झालेले असू शकते.

फळे धरली आणि कडक उन्हाचा एक आठवडा आला. कुंड्या सकाळी चिंब आणि संध्याकाळी ठणठणीत कोरड्या, असे चालले होते. पहिल्या घोसातली फळे लिंबाएवढी झाली असतील, तेव्हा त्यांच्या बुडाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला, पाणचट डाग उमटला. चार-पाच दिवसांत तो काळपट, चामड्यासारखा चपटा झाला. ही कॅल्शियमची कमतरता आहे असे समजल्यावर अंड्याची टरफले घाला, खडू घाला, असे उपायही पाठोपाठ समजले. मात्र मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसे असते. ते झाडात पाण्याबरोबर वाहते, पाने फळांपेक्षा कितीतरी जास्त पाणी बाष्परूपाने बाहेर टाकतात, त्यामुळे ओल अनियमित झाली की पानांना त्याचा वाटा मिळतो आणि फळाचे टोक उपाशी राहते. टरफले तर मातीत इतक्या सावकाश विरतात की त्या हंगामात त्यांचा उपयोग होणे कठीणच. डागी फळे तोडून टाकली, मातीवर वाळक्या पाल्याचे जाड आच्छादन घातले आणि पाण्याची वेळ सकाळची ठरवून घेतली. पुढचे घोस निर्मळ निघाले.

फुलांची काळजी मी गरजेपेक्षा जास्त केली असावी. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी हे दोन्ही भाग असतात. परागकोश एकत्र येऊन मधोमध पिवळी नळी बनते आणि तिच्या आतून पराग झडायला फूल हलावे लागते. मोकळ्यावर वारा हे काम करतो, भुंगे तर पंखांचे स्नायू थरथरवून पराग अक्षरशः झाडून घेतात. माझ्या आडोशाच्या कोपऱ्यात दोन्ही कमी, म्हणून सकाळी उशिरा, दव सुकल्यावर, घोसाच्या देठाला बोटाने टिचकी मारत असे. घरच्यांना ते पाहून करमणूक होई. तापमान दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही चढे राहिले, तर टिचकीनेही फारसे साधत नाही आणि फुले गळतात. नत्रयुक्त खत वाढवले तर पानेच माजतात. काकडीचे वेगळे आहे. तिची नर फुले आधी येतात आणि गळून जातात, त्याने घाबरू नये. पाठीमागे इवलीशी काकडी असलेले मादी फूल उमलले की नर फुलातला पराग मऊ ब्रशने त्यावर लावता येतो.

किडींबद्दल थोडक्यात सांगतो. मावा पाण्याच्या फवाऱ्याने पुष्कळ आटोक्यात आला. पांढरी माशी चिवट निघाली आणि तिने आणलेल्या विषाणूमुळे एका झाडाची शेंड्याची पाने वर वळून, पिवळी पडून आक्रसली. या रोगावर औषध नाही, ते झाड उपटावेच लागले. खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले करप्याचे तपकिरी डाग दिसले, तेव्हा जमिनीलगतची पाने काढली आणि पाणी पानांवर न उडवता बुंध्याशी देणे सुरू केले, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर ही बुरशी मातीतून पानांवर चढते.

मुळा, पालक आणि घेवडा यांनी मला काही त्रास दिला नाही. मुळ्याची वेळेवर विरळणी केली एवढेच.

पहिला टोमॅटो लाल व्हायला मात्र फार वेळ लागला. हवा 30 अंशांच्या वर असली की फळाला लाली देणारे लायकोपिन नीट तयार होत नाही आणि फळ नारिंगी छटेवरच रेंगाळते, हे नंतर ध्यानात आले. एका जोरदार पावसानंतर पिकत आलेली काही फळे तडकली, कारण आतला गर एकदम फुगतो आणि साल त्याला पुरी पडत नाही. तेव्हापासून बुडाशी गुलाबी झाक दिसताच मी फळ तोडून घरात ठेवू लागलो. पिकायला त्याला उन्हाची गरज नसते आणि चवीतही मला फरक जाणवला नाही.

हंगाम सरल्यावर एका सरळ वाणाच्या चांगल्या फळाचे बी गरासह भांड्यात दोन-तीन दिवस आंबवले, भोवतालचा बुळबुळीत थर सुटल्यावर धुऊन सावलीत वाळवले. संकरित वाणाचे बी ठेवले नाही, कारण त्यातून मूळ झाडासारखेच झाड येईल याचा भरवसा नसतो. टोमॅटोच्या कुंड्यांतली माती पुढच्या खेपेला घेवड्याला देणार आहे. टोमॅटो, वांगी आणि मिरची एकाच कुळातली असल्याने त्यांना सामाईक असलेले रोग त्या मातीत टिकून राहू शकतात.